१० मीटर एअर रायफल: झिरो करताना शॉट इकडून तिकडे पळतायत, काय करू?

नवा_नेमबाज:
नमस्कार मंडळी. एअर रायफल नुकतीच सुरू केलीये, उभं राहून मारतो, पीप साइट (मागे बारीक भोकातून बघायची साइट) आहे आणि झिरो करताना, म्हणजे साइट फिरवून शॉट मधोमध आणताना, पार गोंधळ उडतोय. पहिला शॉट डावीकडे ८ च्या रिंगेत गेला की मी साइटचा नॉब २-३ क्लिक फिरवतो, मग पुढचा उजवीकडे ९ ला, की परत उलटे क्लिक, तेवढ्यात तिसरा खाली, आणि यातच सायटिंगची, म्हणजे मॅचआधी न मोजल्या जाणाऱ्या शॉटची, १५ मिनिटं संपतात. त्यात नॉबवर एच लिहिलंय त्या बाजूला फिरवला तर शॉट वर जायचं सोडून खाली जातो, साइट खराब आहे का? एक जण म्हणाला सँडबॅगवर टेकवून एकदाच पक्की झिरो करून टाक. तसं करू का?

पेलेटवाला:
मित्रा, प्रत्येक शॉटमागे क्लिक देणं आधी बंद कर, सगळा घोळ तिथेच आहे. एक शॉट चुकला तर तो साइटमुळे चुकला की ट्रिगर दाबताना तू हललास हे एका भोकावरून कळणारच नाही. नॉबला हात न लावता ५ शॉट मार, सगळे मधोमधच धरून, आणि मग त्या ५ जणांचा मिळून मध्य कुठे येतो ते बघ. एखादा शॉट सुटतानाच तुला कळलं की हा गेला, तर तो मोजू नकोस. अंतर मध्यापासून मोजायचं आणि करेक्शन तेवढंच द्यायचं, अर्धवट घाबरत घाबरत नाही.

आता किती क्लिक द्यायचे, तर ते तुझ्या साइटवर अवलंबून आहे, दुसऱ्याचा आकडा घेऊ नको. एक ग्रुप (असेच ५ शॉट) मार, १० क्लिक एका बाजूला दे, परत ग्रुप मार आणि दोन्ही मध्यांमधलं अंतर पट्टीने मोज. एअर रायफलच्या टार्गेटवर एका रिंगेपासून दुसरी २.५ मिमीवर असते, म्हणजे १० क्लिकमध्ये ग्रुप बरोबर एक रिंग सरकला तर एक क्लिक पाव मिलिमीटरचा झाला. हे एकदा वहीत लिहून ठेवलंस की अंदाजपंचे फिरवायची गरजच उरत नाही. आणि नॉब फिरवताना पेलेट (छर्रा) भरलेलं नको, बोल्ट उघडा आणि नळी टार्गेटकडेच, हे कितीही घाई असली तरी.

जुनी_रायफल:
साइट खराब नाहीये, काळजी करू नका. बऱ्याच जर्मन बनावटीच्या पीप साइटवर असंच असतं, तिथे एच म्हणजे शॉट वर गेला असेल तर इकडे फिरवा, आर म्हणजे शॉट उजवीकडे गेला असेल तर इकडे. म्हणजे शॉट कुठे गेलाय ते लिहिलंय, कुठे पाठवायचाय ते नाही. स्कोपवर बहुतेक वेळा उलटं असतं, तिथे अप लिहिलं असेल तर शॉट वर जातो, त्यामुळे स्कोपवरून पीपवर आलेल्यांची हमखास गडबड होते. खात्री करायची तर एका बाजूला भरपूर क्लिक देऊन एक ग्रुप मारा, दिसेलच. अजून एक, साइट वापरून जुनी झाली असेल तर दिशा बदलताना नॉबमध्ये थोडी ढिलाई असते, पहिला क्लिक वाजतो पण साइट हलतच नाही. अशा वेळी ३-४ क्लिक जास्त पुढे जाऊन मग परत हव्या त्या आकड्यावर यायचं, म्हणजे दरवेळी एकाच बाजूने थांबता. साइटचे स्क्रू पण बघा घट्ट आहेत का.

नवा_नेमबाज:
खूप धन्यवाद दोघांनाही, एचचं आत्ता डोक्यात शिरलं. सँडबॅगचं काय मग?

रेंजवरची_ताई:
सँडबॅगवर टेकवून रायफल आणि पेलेट किती जवळजवळ मारतात ते तपासायला चांगलं, ४.४९ आणि ४.५० मिमी डोक्याच्या पेलेटमधलं कुठलं तुझ्या नळीला मानवतं ते तिथेच कळतं. पण तो झिरो उभं राहून लागू पडेलच असं नाही रे, कारण उभं राहिल्यावर खांदा वेगळा, गालाचा दाब वेगळा, डोकं पीपच्या मागे वेगळ्या जागी. मॅचचा झिरो मॅचच्याच पोझिशनमध्ये घ्यायचा.

आणि मला तुझ्या वर्णनावरून वाटतंय की क्लिकच्या आधी पोझिशन बघायला हवी. रायफल उचल, डोळे मिट, दोन श्वास घे, उघड. बुल (टार्गेटवरचा काळा गोल) पुढच्या साइटच्या रिंगच्या बाहेर गेलेला दिसला तर हाताने ओढून आणू नकोस, पाय सरकव. ओढून आणलेली रायफल ट्रिगर सुटताना परत आपल्या जागी पळते आणि तू त्याचे क्लिक देत बसतोस. दुसरं म्हणजे रायफल दरवेळी सारखीच तिरकी आहे ना बघ. उजवीकडे कलली की शॉट उजवीकडे आणि थोडा खाली जातो, शिवाय तिरक्या रायफलवर वरखालचा नॉब फिरवला तर ग्रुप सरळ वर न जाता कोपऱ्याकडे सरकतो, आणि माणसाला वाटतं साइटच बिघडली. फ्रंट साइटवर बबल (रायफल कलली की दाखवणारी लेव्हल) लावून बघ थोडे दिवस.

रिंग इन्सर्ट (फ्रंट साइटमध्ये बसवायची रिंग) फार लहान असेल तर मोठा टाक. बुलभोवती पांढरी कड जरा जाड दिसली की डोळा आपोआप मध्य शोधतो, बारीक असली की माणूस शॉट सोडायचा सोडून दुरुस्त्याच करत राहतो. सायटिंगमध्ये पहिले काही शॉट अंग गरम होण्यासाठी सोडून दे, ते धरूच नकोस, मग ग्रुप, मग क्लिक, मग परत ग्रुप. सायटिंगला शॉटची मर्यादा नाही, वेळेची आहे, त्यामुळे शेवटची २-३ मिनिटं नॉबला हात न लावता मार आणि नॉब कुठल्या आकड्यावर आहे ते लिहून ठेव.