मदत हवी आहे: संध्याकाळ झाली की मुलगा 'घरी चल' म्हणून रडतो

कंदीपेढा
दोन आठवडे झाले, मोठा रोज संध्याकाळी रडायला लागतो. 'आजीकडे जायचंय' एवढं एकच. तासभर थांबत नाही. खेळणी आणून झाली, कार्टून लावून झालं, व्हिडिओ कॉल केला तर जास्तच रडतो. त्याचं बघून धाकटी सुरू होते. नवरा साडेसातला येतो, तोवर मी एकटी. काल खालच्या मजल्यावरच्या बाईंनी येऊन दार वाजवलं. कुणाला अनुभव असेल तर प्लीज लवकर सांगा, आजची संध्याकाळ कशी काढू कळत नाहीये.

रानजाई
अगं, कुठे आहेस? मुलगा केवढा आहे? फिरायला गेलात की राहायला? यातलं काहीच लिहिलं नाहीस.

वारणाकाठ
परतीच्या प्रवासाचं आत्ताच सांगून ठेवतो. विमान उतरताना लहान मुलांचे कान दुखतात. त्या वेळी पाणी किंवा दूध घोटघोट पाजत राहा, झोपली असतील तर उतरायच्या आधी उठवा. आणि प्रवास विम्याची मुदत तपासा.

कंदीपेढा
सॉरी, घाईत लिहिलं. म्युनिक. नवऱ्याचं तीन महिन्यांचं प्रोजेक्ट आहे, आम्ही ४ ऑक्टोबरला आलो, २८ डिसेंबरला परत. मोठा साडेचार वर्षांचा, धाकटी दीड. साताऱ्यात सासूबाई आमच्यातच असतात, तो जन्मापासून त्यांच्याच कुशीत झोपतो.
वारणाकाठ, धन्यवाद, पण मला आजच्या संध्याकाळचं हवं आहे.

गोदावरी
किंडरगार्टनमध्ये घाला. मुलांत रमला की आठवण पळते.

कंदीपेढा
शेंगेन व्हिजिट व्हिसावर आहोत, ९० दिवसांचा. एवढ्यासाठी कोण घेणार?

सह्यवारा
कॉल पूर्ण बंद करा. आमच्या मुलीचं डब्लिनला अगदी हेच झालं होतं. आजी दिसली की जखम उघडी पडते. आम्ही पंधरा दिवस फोन दाखवलाच नाही, मुलगी शांत झाली.

रानजाई
शांत झाली की गप्प झाली? साडेचार वर्षांच्या मुलाला आजी अचानक दिसेनाशी झाली तर त्याला काय वाटेल? आम्ही ओसाकाला होतो तेव्हा माझ्या लेकाने मलाच विचारलं होतं, 'आजी मेली का?' मी अजून विसरले नाहीये. कॉल बंद करू नकोस गं.

सह्यवारा
मी माझा अनुभव सांगितला. प्रत्येक मूल वेगळं असतं.

रानजाई
म्हणूनच सरसकट 'बंद करा' सांगू नका.

इसारकाठी
ताई, मी म्युनिकमध्येच आहे, नऊ वर्षं झाली. दोन गोष्टी सांगा. कॉल किती वाजता करता? आणि रडणं सुरू होतं तेव्हा तो नेमकं काय करत असतो?

कंदीपेढा
कॉल इथल्या सहाला. पहिल्यापासून तीच वेळ ठरली आहे.
दुसऱ्याचं उत्तर लिहिताना मलाच भरून आलं. पावणेपाचला बाहेर अंधारून आलं की तो स्वतःचे बूट घालतो, उलटसुलट, आणि दाराशी पायपुसण्यावर जाऊन बसतो. काही बोलत नाही. मी 'चल आत' म्हटलं की मग रडणं. साताऱ्याला दिवेलागणीला सासूबाई त्याला मारुतीच्या देवळात नेतात. तिथे घंटा वाजवायला तो त्यांच्या कडेवर चढतो.

इसारकाठी
म्हणजे तो देवळात जायला तयार होऊन बसतो. त्याची ती वेळ आहे, कातरवेळ. मोठ्यांना सुद्धा जड जाते.
आता बघा, २६ ऑक्टोबरला इथली घड्याळं एक तास मागे गेली. तोवर भारताशी साडेतीन तासांचं अंतर होतं, आता साडेचार. तुमचे सहा म्हणजे आधी आजींचे साडेनऊ होते, आता साडेदहा. त्या पेंगुळलेल्या असणार. शिवाय अंधार अचानक तासभर अलीकडे आला. तुमचे दोन आठवडे तिथूनच सुरू होतात. कॉल सकाळी साडेसातला करा, तिकडे दुपारचे बारा. आणि कॉलवर 'कसा आहेस बाळा, आठवण येते का' हे नको. आजींना काहीतरी करताना दाखवू दे.

कंदीपेढा
अगदी बरोबर, हल्ली त्या अंधारातच बोलतात, घरातले बाकीचे झोपलेले असतात म्हणून. चेहरा नीट दिसत नाही आणि मग त्याही रडतात. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

गोदावरी
व्हिटॅमिन डी देता का मुलांना? तिकडे हिवाळ्यात ऊन नसतं. डॉक्टरांना विचारा.

इसारकाठी
आणि संध्याकाळी त्याने बूट घातले की काढायला लावू नका. उलट तुम्हीही घाला. धाकटीला बाबागाडीत बसवा आणि निघा, वीस मिनिटं, रोज त्याच रस्त्याने, त्याच ठिकाणापर्यंत. पाऊस असला तरी. इथे मुलांसाठी चिखलात घालायच्या रबरी पँट मिळतात, त्या घ्या. मंगळवारी ११ तारखेला संत मार्टिनचा दिवस आहे. मुलं कागदी कंदील काठीला लावून गाणी म्हणत अंधारातून चालतात, पुढे कधी खरा घोडा असतो. चर्चच्या मिरवणुकीला कुणीही जाऊ शकतं. कंदील घरी करा, आपल्या आकाशकंदिलासारखाच, आत बॅटरीचा दिवा.

वारणाकाठ
रविवारी दुकानं बंद असतात, कागद शनिवारीच आणा.

रानजाई
आणि तू कशी आहेस? त्याच्याबद्दल सगळं लिहिलंस, स्वतःबद्दल काहीच नाही.

कंदीपेढा
बरी नाहीये. दिवाळीत चकल्या केल्या आणि खायला चौघंच, त्यातल्या दोघांना दात पुरते नाहीत. दिवसभर मराठी बोलायला मोठं माणूस नाही. कदाचित त्याला माझंही कळत असेल.

इसारकाठी
शनिवारी आमच्याकडे या. निरोप पाठवते. मुलांना श्रीखंड आवडतं का? इथे क्वार्क मिळतं, चक्क्यासारखंच मऊ ताजं चीज, त्याचं छान होतं, चक्का टांगत बसायला नको.

सह्यवारा
कमी फॅटच्या क्वार्कचं श्रीखंड रवाळ होतं, त्याला चक्क्याची सर नाही. डब्लिनला आम्ही ग्रीक योगर्ट रात्रभर टांगून करायचो.

इसारकाठी
४० टक्केवाला घ्यायचा. साखर दळून घाला आणि पुरणयंत्रातून काढा.

कंदीपेढा
सगळ्यांना सांगायला आले. आज बुधवार. चार दिवस सकाळचा कॉल चालू आहे. सासूबाई पोळ्या करत असतात, फोन डब्याला टेकवून ठेवतात. तो म्हणतो, 'आजी, तवा दाखव.' पोळी फुगली की टाळ्या वाजवतो, मग स्वतःच फोन ठेवतो.
काल कंदील घेऊन गेलो. पिवळा कागद, थोडा फाटला. घोडा होता. चर्चची घंटा वाजली तेव्हा त्याने माझा हात ओढला, 'मला उचल.' मी कडेवर घेतलं. घंटा फार वर होती, पण तो हात वर करून होता.
आज पुन्हा रडला, पंधरा मिनिटं. बूट घालून, कंदील मांडीवर घेऊन. मग फिरून आलो. खालच्या बाई जिन्यात भेटल्या, त्यांनी कंदिलाला हात लावून त्याला काहीतरी म्हटलं, आम्हाला दोघांनाही कळलं नाही, पण तो हसला.
सह्यवारा, तुमचाही राग नाही. इसारकाठी, शनिवारी येतो, चौघं.

गोदावरी
छान वाटलं वाचून. त्या क्वार्कच्या श्रीखंडाला अर्धा किलोला साखर किती घेता? माझी बहीण श्टुटगार्टला आहे, तिला कळवते.