चंदगडची २००९ ची स्प्लेंडर, नाव तिसऱ्याचंच. घेऊ का?

खानापूरची_पोरगी
नमस्कार मंडळी. मी खानापूरची, बेळगावच्या उद्यमबागेत अकाउंट्सला कामाला आहे. संध्याकाळची बस म्हणजे दारात लोंबकळत यायचं, आणि कामाला जरा उशीर झाला की तीही चुकते, म्हणून गाडी घ्यायचं ठरवलंय. घरचे सगळे स्कूटी घे म्हणूलालेत, पण रोज एका बाजूला पंचवीसेक किमी जायचं तर मला गिअरचीच पाहिजे. अजून नीट येत नाही, दादाच्या पल्सरवर शिकतेय, लर्निंग लायसन काढलंय.
बाबांच्या ओळखीत एकाकडं हिरो होंडा स्प्लेंडर प्लस आहे, २००९ ची, एमएच-०९ म्हणजे कोल्हापूर पासिंग. मीटरवर ६२ हजार, मागतोय २४ हजार. टाकी नवीन रंगवलेली, दिसायला चकाचक. पण आरसी म्हणजे गाडीचं नोंदणीचं कार्ड त्याच्या नावावर नाहीच, त्यानं ज्याच्याकडनं घेतली त्याच्याही नाही, त्याच्या आधीच्याच्या नावावर आहे. हा म्हणतो सही केलेले फॉर्म देतो, गाडी न्या, नाव सावकाश करा, बॉर्डरवर सगळे असंच फिरवतात.
इंजिनचं काय काय बघू? आणि १५ वर्षं झाली की गाडी भंगारात द्यावी लागते म्हणतात ते खरं का?

निपाणीचा_तंबाखू
इंजिनचं राहू दे ताई, आधी कागद बघा. भंगाराचं ते दिल्लीकडं, आपल्याकडं तसा नियम नाही. पण खाजगी गाडीची आरसी १५ वर्षांचीच असते, म्हणजे २००९ ची २०२४ मध्येच संपली. नंतर गाडी आरटीओत नेऊन दाखवायची, पास झाली की ५ वर्षांसाठी वाढवून मिळते. टू व्हीलरला ही फी २०२२ पासून १००० रुपये झालीय, आधी ३०० होती, वर उशिराचा दंड. त्या माणसानं हे केलंय का विचारा. नसेल केलं तर कागदावर ती गाडी आज रस्त्यावर आणायचीच नाही आणि तुम्ही २४ हजार देऊन ते घोंगडं गळ्यात घेणार.
मग बॉर्डरची भानगड. एमएच गाडी १२ महिन्यांवर कर्नाटकात ठेवायची तर इथला नंबर घ्यायला लागतो, त्याला कोल्हापूर आरटीओची एनओसी म्हणजे ना-हरकत, फॉर्म २८, आणि महाराष्ट्रातले ई-चलन बाकी असले तर ते आधी भरा, मग इथला टॅक्स भरा, मग बेळगावचा केए-२२ नंबर. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. ह्या सगळ्यात ओटीपी जातो आरसीवरच्या माणसाच्या मोबाईलवर. तो माणूस कुठाय? पुण्याला गेला असेल, वारला असेल. वारला असेल तर सही केलेले फॉर्म म्हणजे रद्दी, मग वारसानं फॉर्म ३१ भरायचा.
एमपरिवहन अॅपवर नंबर टाकून बघा, आरसी कधीपर्यंत, इन्शुरन्स आहे का, फायनान्सचा बोजा आहे का, दोन मिनिटांत कळतं.

येळ्ळूरचा_पैलवान
यामाहाची आरएक्स १०० घे की डायरेक्ट 😄

निपाणीचा_तंबाखू
@येळ्ळूरचा_पैलवान ती १९९६ ला बंद झाली मर्दा, आणि चांगली मिळाली तर तिच्या पगारात बसणार न्हाई. शिकणाऱ्या माणसाला काय पण सांगूलालास.

वडगाव_गॅरेजवाला
कागदाचं वरच्या भावानं बरोबर सांगितलंय, मी गाडीचं सांगतो. बघायला जायच्या आधी मालकाला सांगायचं, सुरू करून ठेवू नका. गेल्या गेल्या इंजिनला हात लावून बघायचा, गरम लागलं तर समजायचं काहीतरी लपवूलालाय. थंड इंजिन चोक देऊन दोन-तीन किकमध्ये धरलं पाहिजे. नंतर एकजण सायलेन्सरच्या मागं उभा राहून रेस द्यायला लावा, निळा धूर आला तर ऑइल जळूलालंय, बोअर पिस्टनचं काम निघणार. सकाळच्या गारव्यात थोडी पांढरी वाफ येते, तिला घाबरू नका. वरच्या बाजूनं खडखड येत असेल तर टायमिंग चेन बघायची.
टाकी नवीन रंगवली म्हणालात ना, मला तिथंच शंका. चंदगड काय खानापूर काय, पावसाचा मुलूख, गाडी अंगणात भिजलेली असते. झाकण उघडून मोबाईलची बॅटरी मारून आत गंज बघा. सीट काढून खालची चेसिस, बॅटरीचा ट्रे, मागच्या मडगार्डची आतली बाजू, मेन स्टँडचा जोड, हे कोण रंगवत नाही, खरं तिथंच दिसतं. चेसिस नंबर हँडलच्या मानेजवळ असतो, इंजिन नंबर क्रँककेसवर, दोन्ही आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवून बघा, घासल्यासारखं वाटलं तर तिथनंच परत फिरा.
मेन स्टँडवर लावून पुढचं चाक हातात धरून मागंपुढं हलवा, टकटक वाजलं तर कोन सेट म्हणजे हँडलचं बेअरिंग गेलाय. फोर्कच्या म्हणजे पुढच्या शॉकअपच्या दांड्यांवर ऑइल असेल तर सील गेले. चेन स्प्रॉकेट, क्लच प्लेट, टायर ही रोजची कामं, त्यावर किंमत पाडायची, गाडी नाकारायची नाही. टायरच्या साईडला चार आकडी नंबर असतो, २३१५ असेल तर २०१५ चा तेविसावा आठवडा, असला टायर गोटे चांगले दिसले तरी पावसात धरणार नाही.
आणि मीटरवरच्या ६२ हजाराचं सोडा, केबल सुटली की मीटर झोपतंय, कितीतरी जण जोडतच नाहीत.

शहापूरची_मावशी
मी बरीच वर्षं गाडी चालवते, पोरी एक ऐक. दादाच्या पल्सरवर शिकतेयस ना, त्यावर पहिला गिअर खाली आणि बाकीचे वर असतील, स्प्लेंडरला चारही पुढं दाबूनच पडतात. म्हणजे पल्सरवर गिअर उतरवायची सवय लागलेला पाय स्प्लेंडरवर उलटा चढवून टाकणार, तेही मच्छेच्या ट्रॅफिकमध्ये. जी गाडी घेणार तिच्यावरच हात बसव. गाडी हलकी आहे, वळवायला सोपी, ते चांगलंच, पण २००९ च्या ह्या गाडीला दोन्हीकडं ड्रमच ब्रेक, हल्लीच्या १२५ पर्यंतच्या गाड्यांना २०१९ पासून सीबीएस आलंय, एक ब्रेक दाबला की दोन्हीकडं लागतो, तुझ्यात तसलं काही नसणार. ओल्या रस्त्यावर बसच्या मागं चिकटून येऊ नकोस. जांबोटी-चोर्लाकडं मैत्रिणी ओढतीलच, ह्या पावसाळ्यात तरी नको.
घरच्यांना सांग, स्कूटी घेतली तरी शिकावं लागतंच!

खानापूरची_पोरगी
बापरे, एवढं कुणी सांगितलं नव्हतं. अॅपवर बघितलं, आरसी संपलेली दाखवतंय, इन्शुरन्स पण नाही. त्याला फोन केला तर म्हणतो मूळ मालक मुंबईला, नंबर नाही. आता २० ला देतो म्हणतोय 😐
बाबा म्हणतात, ओळखीतला आहे, फसवणार नाही.

निपाणीचा_तंबाखू
बाबांना सांगा, तो फसवायलाच बसलाय असं कोण म्हणत नाही. उद्या तुमच्या हातून कुणाला धक्का लागला तर? इन्शुरन्स नाही म्हणजे भरपाई घरातनं. आणि २०१८ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की आरटीओच्या रेकॉर्डवर ज्याचं नाव तोच मालक, गाडी पुढं कितीही हातांत गेलेली असू दे. म्हणजे मुंबईच्या त्या माणसालाही नोटीस जाणार आणि तो तुम्हाला शोधत येणार. त्याचा नंबर मिळवून, आरसी वाढवून, एनओसी काढून मग ये म्हणावं, २४ च देऊ. बघा काय बोलतो ते.

वडगाव_गॅरेजवाला
मी तर २० काय १० ला पण नको म्हणेन. त्यापेक्षा केए-२२ पासिंगची, एकाच मालकाची, २०१४-१५ नंतरची बघा, बजाजची सीटी १०० चालेल, नवी स्प्लेंडर चालेल. थोडे पैसे जास्त जातील.

खानापूरची_पोरगी
आमच्या कारखान्यातले एक काका सीटी १०० विकूलालेत, २०१६ ची, केए-२२, त्यांच्याच नावावर. ३२ म्हणताहेत. रविवारी बघायला जाऊ का?

वडगाव_गॅरेजवाला
जावा की. सकाळी लवकर जावा, इंजिन थंड असताना. आणि टायरच्या त्या चार आकड्यांचा फोटो टाका इथं.

शहापूरची_मावशी
सीटीला पण चारही गिअर पुढंच दाबायचे. बरोबर दादाला ने, चालवून त्यालाच बघू दे.