काकांनी भाड्याने दिलेल्या फ्लॅटवर रेड पडली, आता काकांवर पण पीटाची (वेश्याव्यवसायाविरुद्धचा कायदा) केस?

हडपसरचा_बंड्या
काका रिटायर्ड आहेत, खराडीत त्यांचा टू बीएचके आहे, एजंटने भाडेकरू आणून दिला, ११ महिन्यांचं ॲग्रीमेंट, भाडं वेळेवर जमा व्हायचं म्हणून काका तिकडे कधी फिरकलेच नाहीत. मागच्या आठवड्यात तिथे रेड पडली, भाडेकरूला उचललं, दोन मुली सापडल्या आणि आता काकांना चौकशीला बोलावलंय. काकू रडतायत, सोसायटीच्या ग्रुपवर तर निकाल लागून पण झाला. अटक होते का यात? फ्लॅट सील करतात का?

काळा_कोट
आधी एफआयआरची कॉपी घ्या, कलमं कुठली त्यावर सगळं आहे. मालकाला लागतं ते पीटाचं कलम ३, पोटकलम २, आणि त्यात माहीत असून जागा दिली हे पोलिसांना दाखवावं लागतं. पहिल्या वेळी शिक्षा २ वर्षांपर्यंत, त्यामुळे जामीनपात्र. कलम ५ जोडलं असेल तर मात्र गंमत नाही, तिथे ३ ते ७ वर्षं आहे, मग शिवाजीनगरला सेशन्स कोर्टात अटकपूर्व जामिनाचा अर्ज टाकायचा. पण ५ म्हणजे बाईला या धंद्यात आणणं, नुसता घरमालक त्यात कसा बसतो हे विचारायला वकील हवाच.
रजिस्टर्ड ॲग्रीमेंट, पोलीस व्हेरिफिकेशनची पावती, बँक स्टेटमेंट, एजंटशी झालेले मेसेज, सगळं काढून ठेवा. भाडं एरियाच्या रेटचंच असेल तर तो मोठा मुद्दा आहे, दुप्पट असेल तर पहिला प्रश्न तोच येणार. आणि चौकशी चुकवू नका.

शनिवारपेठी
काही नाही होत, देऊन टाका आणि मिटवा

काळा_कोट
असले सल्ले देऊन लोकांना दुसऱ्या केसमध्ये अडकवू नका हो.

विमाननगर_ताई
एक गोष्ट कोणी सांगत नाही. झडतीत तिथे धंदा सापडला अशी बातमी पेपरात आली किंवा झडतीच्या यादीची कॉपी काकांना मिळाली, की तिथून पुढे त्यांना माहीत होतं असंच कायदा धरून चालतो, नव्हतं हे त्यांनी दाखवायचं. म्हणून ॲग्रीमेंट रद्द केल्याची लेखी नोटीस भाडेकरूला आजच पाठवा.
सीलचं म्हणाल तर २०० मीटरच्या आत देऊळ, शाळा, हॉस्पिटल असलं की मॅजिस्ट्रेट कलम १८ खाली नोटीस काढू शकतात, उत्तराला ७ दिवस मिळतात. मालक निर्दोष वाटला तर जागा परत देतात.
पंचनामा पण नीट वाचा, दोन पंच आणि त्यात एक बाई, रेडला दोन महिला पोलीस असं कलम १५ मध्ये आहे. तपास विशेष पोलीस अधिकाऱ्यानेच करायचा, दिल्ली प्रशासन विरुद्ध राम सिंग हा सुप्रीम कोर्टाचा जुना निकाल आहे.

कसबा_कर
आणि त्या मुलींचं काय? त्यांना पण आरोपी केलं का

विमाननगर_ताई
करायला नको. स्वतःच्या मर्जीने हे काम करणाऱ्या सज्ञान बाईला रेडमध्ये अटक करू नका, दंड करू नका असं सुप्रीम कोर्टाने २०२२ ला सांगितलंय. ग्रुपवर त्यांचे फोटो फिरवणाऱ्यांना पण हे कोणीतरी सांगा.

हडपसरचा_बंड्या
एफआयआर मिळाली, ३ आणि ४ आहे, ५ नाहीये. उद्या वकिलांसोबत जातोय. ॲग्रीमेंटवर साक्षीदार म्हणून एजंटची सही आहे, त्याला पण बोलावतील का?

काळा_कोट
बोलावतील. ४, म्हणजे या धंद्याच्या कमाईवर जगणं, ते पण २ वर्षांपर्यंतचंच, म्हणजे जामीन मिळतो, फक्त मुली सज्ञान आहेत ना ते बघा, नसतील तर सगळं बदलतं. एजंटशी तोवर फोनवर काही ठरवत बसू नका.