स्टेटमेंट ऑफ फेथ : मतांगिकार, विश्वासांगिकार की अजून काही?

भाषांतरवाली
मावशीच्या चर्चची वेबसाइट मराठीत करून देतेय. त्यात एक पान आहे 'स्टेटमेंट ऑफ फेथ', म्हणजे त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव), बायबल देवप्रेरित, तारण म्हणजे उद्धार कृपेने, बाप्तिस्मा समजत्या वयात आणि तोही पाण्यात पूर्ण बुडवून वगैरे. मी वर 'मतांगिकार' लिहिलं तर त्यांच्यातलेच एक काका म्हणाले हा शब्द आपला नव्हे. मग काय लिहू? 'विश्वासांगिकार'? नुसतंच 'आमचा विश्वास' फार बाळबोध वाटतं.

नगरी_खडूस
काकांचं बरोबर आहे. चर्च बॅप्टिस्ट वळणाचं दिसतंय, ते ठरीव क्रीड, म्हणजे मतांगिकार, श्रद्धेचं ठरलेलं निवेदन, उपासनेत सहसा म्हणत नाहीत, बायबल पुरे म्हणतात. आम्ही नगरला रविवारी उभं राहून म्हणतो तो प्रेषितांचा मतांगिकार, किंवा निकीयाचा, ३२५ सालच्या परिषदेतला, ३८१ साली वाढवलेला. तो सगळ्यांचा सामाईक. तुमचं पान एका मंडळीपुरतं, म्हणजे एका चर्चपुरतं, तिथे मतांगिकार हे नाव उगाच भारदस्त होतं.

दीर्घशंका
अंगीकार. गी दीर्घ.

नगरी_खडूस
आमच्याकडच्या छापील पत्रकात ऱ्हस्व आहे.

दीर्घशंका
मग पत्रक चुकीचं आहे.

पापडी_स्लो
वसईत आमच्या कॅथलिक लोकांत मंडळी वगैरे फारसं नसतं बाबा. धर्मग्राम, धर्मगुरू, धर्मप्रांत. पोरगं काही महिन्यांचं झालं की स्नानसंस्कार, ते समजतं वय बियं काही नाही. एकदा प्रोटेस्टंट मैत्रिणीच्या चर्चला गेले तर सगळे एका सुरात 'पवित्र सार्वत्रिक मंडळी' म्हणत होते, नंतर कळलं की इंग्रजीत तिथे चक्क 'कॅथलिक' आहे! आमचं नाव घ्यायला लाजतात काय :)

नगरी_खडूस
लाजतोय कशाला, त्या ग्रीक शब्दाचा अर्थच सार्वत्रिक.

उपद्व्यापी
एक बेसिक शंका. मंडळी हे एकवचन कसं? मंडळी जमली, मंडळी जेवायला बसली, इथवर ठीक. आमच्या आजोबांच्या तोंडी 'आमची मंडळी माहेरी गेलीय' म्हणजे आजी.

नगरी_खडूस
बायबलात स्त्रीलिंगी एकवचनच, आणि अनेकवचन मंडळ्या. प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकात आशियातल्या सात मंडळ्या आहेत. मूळ ग्रीक एक्लेसिया, म्हणजे बोलावून जमवलेली सभा.

उपद्व्यापी
पण बायबलात चर्चला ख्रिस्ताची वधू म्हटलंय ना? म्हणजे मंडळी = बायको, फिट्ट बसतं! मिशनऱ्यांनी मुद्दाम निवडला असणार.

नगरी_खडूस
नाही हो. सभा म्हणून निवडलाय, वधूचं तुम्ही जमवलंत.

भाषांतरवाली
शीर्षकाचं कुणी सांगेल का...

कोपऱ्यातला_बाक
मला मुळात हे पानच पटत नाही. अशा यादीने चर्चची ओळख ठरते का? १९७० ला नागपुरात सहा चर्चेस एकत्र येऊन सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झालं, त्यात लहान बाळांना बाप्तिस्मा देणारेही होते आणि मोठेपणीच देणारेही, दोन्ही रीती चालू ठेवल्या म्हणून तर जमलं. यादीवर अडले असते तर अजून मीटिंगाच चालल्या असत्या. नगरची मिशन तर मूळची काँग्रिगेशनल, बिशप नाही, पाळक कोण ते मंडळी ठरवणार. नंतर बिशप आले, आमचे आजोबा कुरकुरले पण चर्च सोडून गेले नाहीत. आणि रेव्हरंड टिळक, म्हणजे कवी ना. वा. टिळक? १८९५ ला बाप्तिस्मा घेतलेला माणूस, १९१७ ला मिशनमधून बाहेर पडून 'देवाचा दरबार' नावाची ख्रिस्तभक्तांची संघटना काढतो, आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेलेही चालतील म्हणतो. त्यांना कुठला मतांगिकार लावणार?

नगरी_खडूस
टिळकांचं सोडा, ते कवी होते. यादी नसली की उद्या कुणीही उठून काहीही शिकवतो, मग निस्तरायला पंचांची बैठक.

दीर्घशंका
दरबार फारसी आहे. देवाची सभा म्हणायला काय हरकत होती?

कोपऱ्यातला_बाक
बाप्तिस्मा ग्रीक, मिशन लॅटिन, पाद्री पोर्तुगीज. कुठून सुरुवात करताय काढायला?

पापडी_स्लो
पाद्री म्हणू नका हो, निदान तोंडावर तरी. आमच्यात फादरच म्हणतात.

दीर्घशंका
फादर इंग्रजी.