‘स्टेल’ क्वेरी : कालबाह्य की शिळी?

प्रश्न : वेब-पानातच बसवता येणाऱ्या आणि क्वेरींची (सर्व्हरकडे केलेल्या माहितीच्या मागण्यांची) स्थिती दाखवणाऱ्या डीबगिंग (चुका शोधण्याच्या) पटलाचे मराठीकरण आम्ही सोलापुरात करत आहोत. ‘स्टेल’साठी ‘कालबाह्य’ आणि ‘इनव्हॅलिडेट’साठी ‘अवैध करणे’ असे शब्द सुचवले गेले आहेत. ते चालतील का?

उत्तर : माझ्या मते दोन्ही शब्द वाचकाला चुकीच्या वाटेने नेतात. सर्व्हरवरची माहिती मागवून साठवून ठेवणाऱ्या टॅनस्टॅक क्वेरी या लायब्ररीच्या डेव्हटूल्समध्ये, म्हणजे अशाच पटलात, प्रत्येक क्वेरीची स्थिती रंगाने दिसते. हिरवी ती ‘फ्रेश’, पिवळी ती ‘स्टेल’, करडी ती ‘इनॲक्टिव्ह’. पिवळ्या क्वेरीची माहिती पडद्यावर दिसतच राहते, फक्त पान पुन्हा समोर आले किंवा तुटलेले नेटवर्क परत जोडले गेले की ती सर्व्हरकडून नव्याने मागवली जाते. कालबाह्य औषध आपण टाकून देतो. शिळी भाकरी मात्र कुस्करून, फोडणी देऊन खातो. कडक भाकरी दिवसचे दिवस पुरवून खाणाऱ्या आपल्या जिल्ह्यात हा भेद कोणाला समजावून सांगावा लागत नाही, म्हणून ‘शिळी’ हाच मला नेमका शब्द वाटतो. टाकून देण्याची पायरी निराळी आहे : पानावरचा कोणताच भाग क्वेरी वापरत नसेल तर ती निष्क्रिय होते आणि, वेगळी मुदत दिली नसल्यास, 5 मिनिटांनी स्मृतीतून काढली जाते.

‘फ्रेश’साठी ‘ताजी’ योग्यच आहे, पण तिचा अर्थ जपून घ्यावा. चादरींच्या साठ्याच्या एका पानावर विक्री नोंदवल्यानंतरही आम्हाला 42 नग दिसत होते, डेटाबेसमध्ये मात्र 38 होते. पटल उघडले तर क्वेरी हिरवीगार! ‘स्टेलटाइम’, म्हणजे माहिती ताजी मानण्याची मुदत, मुळात 0 असतो, तो आम्हीच 10 मिनिटांवर नेला होता. म्हणजे ‘ताजी’ हा शब्द तिथे केवळ मुदतीबद्दल बोलत होता, खरेपणाबद्दल नाही. विक्री नोंदवताच ती क्वेरी ‘इनव्हॅलिडेट’ करण्याची ओळ घातली, तेव्हा आकडा जुळला. या क्रियेत वैधतेची तपासणी कुठेच होत नाही. मुदत उरलेली असली तरी क्वेरी शिळी मानली जाते आणि वापरात असल्यास लगेच पुन्हा मागवली जाते, म्हणून ‘शिळी ठरवणे’ असेच लिहावे.

पटलाला ‘अंगभूत’ म्हणू नये, अशीही विनंती आहे. ते विकसनाच्या वेळीच सोबत असते आणि ग्राहकांपर्यंत जाणाऱ्या आवृत्तीत एरवी येत नाही. तुमचे ‘बसवता येणारे’ पुरेसे आहे.