वेळेच्या नोंदी: महिन्यावारी पार्टिशन की नीट बांधलेला इंडेक्स?

घड्याळजी (धागाकर्ता)
सेन्सरच्या नोंदींचं एक टेबल सांभाळतो. सेन्सरचा क्रमांक, मोजणीची वेळ, आकडा आणि नोंद सर्व्हरवर पोचली ती वेळ, एवढेच कॉलम. तीन वर्षांत ४० कोटी ओळी साठल्या आणि आलेखाचं पान उघडलं की नुसतं चक्र फिरत बसायचं. गेल्या महिन्यात पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये मोजणीच्या वेळेवर महिन्यावारी पार्टिशन केलं, म्हणजे दर महिन्याच्या ओळी वेगळ्या तुकड्यात. तेव्हा क्रमांक आणि वेळ मिळून एक इंडेक्सही (ओळी चटकन शोधायची सूची) केला. आता आलेख झटकन येतो. (इशाऱ्यांचं पान अजून रेंगाळतं, ते बघू सावकाश.)

त्यामुळे माझं मत ठाम झालंय: नोंदीला वेळ चिकटलेली असेल तर पहिल्या दिवसापासून पार्टिशन करावं. २०१७ च्या आवृत्ती १० पासून त्यासाठी प्रत्येक ओळ योग्य तुकड्यात पाठवणाऱ्या ट्रिगरची कसरतही लागत नाही. लोक का टाळतात, कळत नाही.

बी_ट्रीवाला
असहमत. आधी एक सांगा, जुन्या टेबलावर इंडेक्स कोणते होते?

घड्याळजी
क्रमांकावर एक, वेळेवर एक.

बी_ट्रीवाला
मग झालं. चोर सापडला.

तुमची क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) म्हणते, "अमुक सेन्सरच्या शेवटच्या २४ तासांच्या नोंदी." सुटा वेळेचा इंडेक्स धरला तर त्या २४ तासांतल्या सगळ्याच सेन्सरच्या नोंदी हातात येतात आणि बहुतेक फेकून द्याव्या लागतात. क्रमांक आधी आणि वेळ नंतर असा जोड-इंडेक्स असला की हव्या त्या नोंदी इंडेक्सच्या झाडात (बी-ट्री, पातळ्यांनी रचलेली सूची) शेजारीशेजारी असतात. ज्या कॉलमवर 'बरोबर' आहे तो पुढे, ज्यावर 'पासून-पर्यंत' आहे तो मागे. हा क्रम उलटा केलात तर फायदा गेला.

"४० कोटी" ऐकून घाबरायला होतं, पण डिस्कवरच्या ८ केबीच्या एका पानात इंडेक्सच्या अशा २५०-३०० नोंदी बसतात, म्हणजे झाडाला साधारण चार पातळ्या. महिन्याचं पार्टिशन एक-सव्वा कोटीचं धरा, तीन पातळ्या. एवढ्या खटाटोपातून शोधामागे एक पान वाचलं!

शिवाय टेबल नव्याने भरलंत तेव्हा पुसूनही जागा अडवणाऱ्या मेलेल्या ओळी गेल्या, इंडेक्स ताजे झाले. हे सगळं श्रेय पार्टिशनने लाटलंय.

रात्रपाळी
दोघांचंही अर्धंच पटलं. पार्टिशन हवंच, पण वेगासाठी नाही, फेकण्यासाठी.

आमच्याकडे दोन वर्षांपूर्वीच्या नोंदी पुसायला साधं डिलीट चालवलं होतं. रात्रभर चाललं, रेप्लिका (डेटाबेसची चालती प्रत) मागे पडली, आणि सकाळी टेबलाचा आकार जसाच्या तसा. पोस्टग्रेसमध्ये डिलीट म्हणजे ओळीवर 'मेली' असा शिक्का. व्हॅक्यूम हा सफाईवाला ती जागा नव्या ओळींसाठी मोकळी करतो, डिस्कला सहसा परत देत नाही. पार्टिशन असेल तर जुना महिना टेबलापासून सोडवायचा आणि टाकून द्यायचा, क्षणाचं काम. आवृत्ती १४ पासून तो वाचन-लेखन न अडवता सोडवताही येतो, फक्त डिफॉल्ट पार्टिशन (कुठेच न बसणाऱ्या ओळींसाठीचं) नसलं पाहिजे.

पण पार्टिशन सांभाळायला अवघड. पुढच्या महिन्याचं पार्टिशन बनवणारं काम बंद पडलं, तर एक तारखेला मध्यरात्री प्रत्येक इन्सर्ट आपटतो. डिफॉल्ट पार्टिशन ठेवलं तर चूक लपते आणि ओळी गुपचूप तिथे साचतात. मग त्या महिन्याचं पार्टिशन जोडायला गेलं की नाही म्हणतं, आधी तिथल्या ओळी हलवा. पुढचे दोन-तीन महिने आधीच बनवून ठेवते मी, आणि डिफॉल्टमध्ये एक जरी ओळ पडली तरी मला उठवा असं सांगून ठेवलंय.

कोरा_कागद
ब्रिन इंडेक्सचं नाव कुणीच कसं घेतलं नाही? पोस्टग्रेस ९.५ पासून आहे. १२८ पानांचा, म्हणजे १ एमबीचा, एकेक गठ्ठा आणि त्यातली लहानात लहान व मोठ्यात मोठी वेळ, एवढंच लिहून ठेवतो. बी-ट्रीच्या तुलनेत नगण्य जागा घेतो.

बी_ट्रीवाला
ओळी डिस्कवर वेळेच्या क्रमाने पडल्या तरच. एखादं यंत्र आठवडाभर बंद राहून साठलेल्या नोंदी एकदम पाठवतं, तेव्हा त्या गठ्ठ्याची मर्यादा आठवडाभर रुंद होते. असे गठ्ठे वाढले की ब्रिन म्हणजे शोभेची वस्तू. आणि एका सेन्सरच्या शोधाला तो तसाही कामाचा नाही.

कोरा_कागद
मान्य. माझ्या नोंदी एकाच रांगेतून क्रमाने येतात, म्हणून मला तो पावला.

रात्रपाळी
घड्याळजी, त्या रेंगाळणाऱ्या पानाचा एक्स्प्लेन (डेटाबेस क्वेरी कशी चालवतो त्याचा आराखडा) काढा बरं. कुणीतरी वेळेला तारखेत बदलणारं फंक्शन कॉलमवरच लावलेलं असतं. मग पार्टिशनची छाटणीही (नको ते महिने न बघता वगळणं) होत नाही आणि वेळेवरचा साधा इंडेक्सही निकामी. 'आजच्या शून्य वाजल्यापासून, उद्याच्या शून्याच्या आधीपर्यंत' असं लिहायचं. बिट्वीन वापरू नका, त्यात दोन्ही टोकं धरली जातात, म्हणून उद्याची बरोबर शून्याची नोंद दोन्ही दिवसांत मोजली जाते.

घड्याळजी
काढला. फंक्शन नाहीये. ३६ च्या ३६ पार्टिशनं चाळतोय! पार्टिशन मोजणीच्या वेळेवर, आणि इशाऱ्यांचं पान विचारतं 'गेल्या तासाभरात सर्व्हरवर काय पोचलं'. त्या कॉलमवर साधा इंडेक्सही नाही.

बी_ट्रीवाला
मोजणीच्या वेळेची जादा अट घालता येईल का तिथे?

घड्याळजी
तुम्हीच म्हणालात ना, आठवडाभर बंद राहणारं यंत्र? अशी दोन आहेत आमच्याकडे. त्या अटीत त्यांच्या उशिरा पोचलेल्या नोंदी सुटतील. पोचल्याच्या वेळेवर इंडेक्स बनवायला लावलाय, सध्या ३६ पैकी नवव्या महिन्याच्या पार्टिशनवर आहे.