रुपयाचा जाब नेमका कुणाला?
रुपया पडला की रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरना संसदेत उभं करा, असं काही जण म्हणतात. राग कळतो, पण कायद्यात तो जाब बसत नाही. रिझर्व्ह बँक कायद्यातल्या २०१६ च्या दुरुस्तीनंतर बँकेला लक्ष्य आहे ते महागाईचं: ४ टक्के, २ इकडे-तिकडे. सलग तीन तिमाही चुकलं तर सरकारला लेखी कारणं द्यायची. २०२२ मध्ये चुकलं, पत्रही गेलं, पण ते जाहीर केलं नाही. (ओरडायचंच तर खासदारांनी यावर ओरडावं की!) डॉलरच्या दराला असं लक्ष्यच नाही. बँक म्हणते, आम्ही अमुक एक दर धरून बसत नाही, फार चढउतार झाले तरच मध्ये पडतो. १९६६ ला सरकारनं डॉलर ४.७६ वरून ७.५० रुपये केला, तेव्हा जाब कुणाला हे तरी स्पष्ट होतं.

बाकी ‘रुपया पडला की निर्यातीला जास्त रुपये मिळतात, म्हणजे शेतकऱ्याचं भलं’ असंही म्हणतात; ते आमच्या तासगावात, बेदाण्याच्या गावात, येऊन सांगा. द्राक्षबागेला लागणारं पोटॅश खत जवळजवळ सगळं परदेशातून येतं, म्हणजे ते डॉलरच्या भावानं. आणि बेदाणा? तो बहुतेक देशातच खपतो. सौद्यात, म्हणजे लिलावात, व्यापारी मूठभर बेदाणा तळहातावर पसरतो, रंग बघतो, एक दाणा तोंडात टाकतो आणि भाव बोलतो. गेल्या हंगामात आमच्या मालाला ‘जरा काळपट आहे’ म्हणून किलोमागं दहा रुपये कमी बोलला. डॉलर कितीला आहे, हे त्यानं विचारलंसुद्धा नाही.